कॅलेंडरमागची ओल

"देवाने माणसाला दोन डोळे दिले ते अडखळून पडू नये म्हणून. मला जे दिलंय त्याला नुसते डोळे म्हणणं हा त्या दात्याचा अपमान होईल, बाई. ही दोन दारं आहेत. सत्य यांतून आत येतं, पायपुसण्यावर पाय पुसतं आणि माझ्यासमोर हात जोडून उभं राहतं. एकतीस वर्षं मी टपालखात्यात पत्ता न लागणाऱ्या पत्रांच्या टेबलावर बसलो. ज्या अक्षरांपुढे भल्याभल्यांनी हात टेकले ती मी एका नजरेत वाचली. माझ्या टेबलावरून गेलेलं एकही पत्र परत आलं नाही. निवृत्तीनंतर हीच दृष्टी मी समाजाच्या चरणी वाहिली आहे. लोक मला शोधमहर्षी म्हणतात."

हे सगळं भाऊजी एका शिडीला सांगत होते. शिडीच्या मागे घर तपासायला आलेल्या बाई होत्या. पण दारातून आधी शिडी आली आणि भाऊजींना तेवढा धीर निघाला नाही.

"जरा बाजूला होता का?" शिडीमागून आवाज आला. "भिंतीला ओरखडा जाईल."

भाऊजी बाजूला झाले ते नेमके मागे उभ्या असलेल्या मेहुण्याच्या पायावर. मेहुण्याने 'आई गं' घशातच गिळलं. बहिणीच्या नवऱ्याच्या पायाखाली आपला पाय असणं हे त्याला नवं नव्हतं. घरात त्याला सगळे शेपूट म्हणत. लहानपणी तो ताईच्या मागे मागे फिरायचा म्हणून हे नाव पडलं. ताईचं लग्न झालं आणि शेपूट आपोआप भाऊजींच्या नावावर चढलं. भाऊजींनी तपास करायचा आणि शेपटाने नोंदवही धरायची, असा शिरस्ताच होऊन बसला होता. त्या वहीत एकोणतीस प्रकरणं होती. पहिलं प्रकरण हरवलेल्या चष्म्याचं. त्यात भाऊजींनी तीन शेजाऱ्यांवर संशय घेतला होता आणि तो घेताना चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

'लोक मला शोधमहर्षी म्हणतात' यातले लोक कोण, हे शेपटाला पक्कं ठाऊक होतं; भाऊजींची 'शोधमहर्षी' अशी कार्डं छापून आणायला तोच गेला होता. पत्रं परत का आली नाहीत, तेही त्याला ठाऊक होतं. ती ज्यांच्या घरी चुकून गेली, त्यांनी ठेवून घेतली. एक गृहस्थ तर भलत्याच्याच लग्नाला जाऊन, पोटभर जेवून, नवरा-नवरीशेजारी फोटोत उभे राहून आले होते. तरी भाऊजी माणूस मनाने निर्मळ. दुसऱ्याच्या संकटात आपलं काम टाकून धावायचा. आता धावत जाऊन संकटात भर घालायचा हा भाग वेगळा, पण धावायचा खरा.

एरवी शेपटाने हे हसून सोडून दिलं असतं. आज मात्र ते जमत नव्हतं. आज जे घर तपासायचं होतं ते त्याचं होऊ घातलेलं घर होतं.

त्याच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि या अकरा वर्षांत भाड्याची पाच घरं. आत्ताच्या घरमालकाला मुलासाठी खोल्या हव्या होत्या, महिनाअखेर खाली करा म्हणाला होता. अशात एका काकूंचं हे घर सापडलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर गच्ची, बाजूला एक अरुंद बोळ. काकूंनी आयुष्यभर इथे शिवणकाम केलं. आता नजर सुईपर्यंत पोचत नव्हती, म्हणून मुलीकडे राहायला जायचं ठरवलं होतं. शेपटाची बायको दवाखान्यात नर्स. पहिल्याच भेटीत तिने बोलता बोलता काकूंच्या सुईत दोरा ओवून दिला आणि काकूंचं मन तिच्यावर बसलं. पण घराला दुसरंही एक गिऱ्हाईक होतं आणि ते घाईला आलं होतं.

"आज चारपर्यंत मी त्यांना थांबवून धरते," काकूंनी सांगितलं होतं. "तुमची तपासणी होऊ दे. पण चार वाजता मला त्यांना हो किंवा नाही सांगायलाच हवं हो."

निघताना बायको म्हणाली होती, "भाऊजींना आणू नका."

"मी कुठे आणतो? ते येतात."

"मग निदान त्यांना बोलू देऊ नका."

"ते ताईला बावीस वर्षांत जमलेलं नाही."

तर आता शिडी आत आली, शिडीमागून तपासनीस बाई आल्या. हातात विजेरी, कमरेला पट्ट्यात अडकवलेली चारदोन यंत्रं, केस घट्ट बांधलेले. त्यांनी पाणी पिऊन घेतलं आणि सगळ्यांना समोर बसवलं.

"साधारण तीन तास लागतील. मी वरून खाली येते. आधी गच्ची, मग वीज, पाणी, शेवटी भिंती. घर घेणाऱ्यांनी माझ्याबरोबर फिरायचं आणि जे विचारायचं ते तिथल्या तिथे विचारायचं. मी भिंत फोडत नाही, कपाटं सरकवत नाही. जे दिसतं आणि मोजता येतं तेवढंच सांगते. दोष प्रत्येक घरात निघतात, तेव्हा घाबरायचं नाही. कुठला लगेच बघायचा, कुठला सवडीने, एवढं लेखी देते. अहवाल उद्या मिळेल. घर पास की नापास, हे मात्र मी सांगत नाही."

"पास-नापास नाही?" भाऊजी पुढे सरसावले. "मग संशयित कोण, हे ठरवणार कोण?"

"संशयित नसतो. घर असतं."

भाऊजींनी शेपटाच्या कानाशी तोंड नेलं आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात सांगितलं, "लिही. तपासनीस नवशिक्या."

"हे माझं सहाशे एकोणिसावं घर," बाई शिडी उचलत म्हणाल्या.

"लिही. आकड्यांचा गर्व."

गच्चीवर बाईंनी तांब्याभर पाणी ओतलं आणि ते कुठल्या दिशेने वाहतंय ते बघत उभ्या राहिल्या. पाणी शहाण्यासारखं कोपऱ्यातल्या नळीकडे गेलं. बाईंनी मान डोलावली. नळीच्या तोंडाशी पाला अडकला होता, तो काढून बाजूला ठेवला. मग टाकीचं झाकण उचललं. झाकणाला आरपार तडा होता.

"घातपात!" भाऊजी म्हणाले. "कोणी फोडलं?"

"उन्हाने."

"एकट्याने?"

बाईंनी फोटो काढला. तोवर भाऊजी गुडघ्यावर बसले होते. खिशातून भिंग निघालं, नाक जमिनीला टेकलं. "शेपटा, इकडे ये. पाऊल! ओलं, ताजं. टाच आतून झिजलेली. माणूस वजनदार, डाव्या पायावर भार देतो, स्वभावाने धाडसी, बुद्धी असामान्य. आपल्या आधी इथे कोणीतरी येऊन गेलंय!"

शेपटाने पाऊल पाहिलं. मग भाऊजींची चप्पल पाहिली. ती बाईंनी ओतलेल्या पाण्यातून नुकतीच चालून आली होती.

"भाऊजी, हे तुमचंच आहे."

भाऊजींनी पाऊल जुळवून पाहिलं. जुळलं. त्यांचा चेहरा जराही पडला नाही. "बघ," ते म्हणाले, "वर्णन किती अचूक होतं."

बायकोने तोंडावर पदर धरला. शेपटालाही हसू आलं, पण त्याच वेळी त्याने खाली जिन्याकडे पाहिलं आणि हसू विरलं. काकू जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभ्या होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी आया उभ्या राहतात ना, अगदी तशा.

खाली आल्यावर विजेची पाळी. बाईंकडे एक चिमुकलं यंत्र होतं. ते भिंतीतल्या प्लगात खुपसलं की त्याचे दिवे लागत आणि सगळं ठीक आहे की नाही ते सांगत. बाहेरच्या खोलीतले सगळे प्लग ठीक निघाले. स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या एका प्लगाला अर्थिंग नव्हतं.

"हे मात्र लगेच करून घ्या. इथे ओल्या हाताने मिक्सर लावाल आणि झटका बसेल. तासाभराचं काम आहे, पण टाळायचं नाही."

बायकोने हे आपल्या हातावरच लिहून घेतलं. वही भाऊजींच्या प्रकरणात अडकली होती. मग बाईंनी शेजारचा प्लग तपासला. दिवा लागला नाही. पलीकडचा तपासला. अंधार. वर पाहिलं तर पंखाही थांबत आला होता.

"असं कसं?" काकू पंख्याकडे बघत म्हणाल्या. "सकाळी तर सगळं चालू होतं हो. देवाशपथ चालू होतं."

बाईंच्या कपाळावर पहिल्यांदाच आठी पडली. शेपटाने मनातल्या मनात दिवस मोजले. सगळ्या घराची वायरिंग बदलायची म्हणजे महिनाअखेर इथे राहायला येणं विसराच. एवढ्यात भाऊजी दारात प्रकटले. चेहऱ्यावर तेज, हातात छत्री.

"अकरा वाजून वीस मिनिटांनी या घरातली वीज चोरीला गेली आहे! मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे."

"तुम्ही कुठे होता?" बाईंनी विचारलं.

"मुख्य दाराच्या मागे. तिथे भिंतीत एक पेटी आहे. तिच्यात ओळीने आठ खटके, आणि आठही एकाच दिशेला! निसर्गात असं कधी घडत नाही, बाई. कुणाचा तरी पद्धतशीर हात आहे त्यात. म्हणून मी ते सगळे उलटे करून पाहिले."

बाई दाराकडे गेल्या. ठक ठक ठक असा आठ वेळा आवाज झाला. पंखा पुन्हा फिरू लागला.

"वीज परत आणली," भाऊजींनी शेपटाला सांगितलं. "लिही."

शेपटाने लिहिलं. न लिहून सांगतो कुणाला? पण काकूंकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही. स्वतःचं घर परक्या माणसांनी असं उलटंपालटं करून बघायचं आणि आपण बाजूला हात बांधून उभं राहायचं, हे सोसायला किती जड असेल! त्यातून या अशा पाहुण्याला आणलं कोणी? आपण. घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते.

पाण्याची तपासणी सुरळीत झाली. एवढंच की बाई स्वयंपाकघरातला नळ किती जोरात येतो ते बघत असताना भाऊजी दुसरीकडे संडासाची टाकी सात वेळा ओढून सेकंद मोजत होते. त्यामुळे नळाची धार दर वेळी बारीक व्हायची आणि बाई दर वेळी आकडा खोडायच्या. शेवटी बायकोने संडासाच्या दारावर टकटक करून, दवाखान्यातल्या आवाजात, "भाऊजी, बास झालं. बाहेर या," असं सांगितलं आणि भाऊजी आले. तिच्या त्या आवाजाला ताप आलेली माणसंसुद्धा उठून बसायची.

शेवटी झोपायची खोली. एक पलंग, एक कपाट, खिडकीशी झाकून ठेवलेलं शिलाई मशीन. आणि पलंगाच्या उशाकडच्या भिंतीवर एक कॅलेंडर.

आता कॅलेंडर माणूस कुठे लावतो? नजरेसमोर लावतो. हे लावलं होतं कमरेच्या उंचीवर. बघायला बसावं लागेल. शिवाय होतं गेल्या वर्षीचं, नोव्हेंबरवर थांबलेलं.

शेपटाला ते खटकलं. बाईंनाही खटकलं असावं, कारण त्या आत येताच थबकल्या. भाऊजींना खटकलं हे सांगायला नकोच. ते पलंगाला वळसा घालून भिंतीशी पोचलेदेखील.

"नोव्हेंबर! म्हणजे गुन्हा नोव्हेंबरमध्ये घडला आणि त्यानंतर या खोलीतला काळ थांबला. आणि हे आकडे! चार तारखेपुढे चौदा, नऊ, अठ्ठावीस. अकरा तारखेपुढे सोळा, दहा, तीस. ही सांकेतिक भाषा आहे. तिजोरीचं कुलूप!"

"मापं आहेत ती," काकू म्हणाल्या. "पोरींच्या पोलक्यांची. उंची, बाही, छाती."

"सगळे असंच सांगतात."

"सगळे म्हणजे कोण?"

भाऊजींनी छत्री उचलली. "तिजोरी कुठे आहे, ते मी आधीच शोधून काढलंय. मघाशी तुम्ही सगळे गच्चीवरून उतरत होता तेव्हा मी या छत्रीने घर मोजलं. बाहेरून या खोलीची लांबी पाच छत्र्या. आतून साडेचार. अर्धी छत्री गेली कुठे? गुप्त कोनाडा! याच भिंतीत!"

"दोन्हीकडच्या भिंतींच्या जाडीत गेली," बाई म्हणाल्या. मग त्या काकूंकडे वळल्या. आवाज मऊ होता. "काकू, मी सामान हलवत नाही. पण एवढं कॅलेंडर जरा बाजूला केलं तर चालेल का?"

"राहू द्या ना ते," काकू म्हणाल्या. "खिळा सैल आहे. उगीच पडेल. आणि त्याच्यामागे काही नाही. भिंतच आहे. भिंतीमागे काय असणार?"

एका कॅलेंडरसाठी हे बोलणं फार होतं. बायकोने शेपटाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत संशय नव्हता, काळजी होती. पण भाऊजींच्या आयुष्यात असा क्षण एकोणतीस प्रकरणांत आला नव्हता. त्यांनी हात घातला आणि कॅलेंडर ओढून काढलं.

मागे ओल होती. जेवायच्या ताटाएवढा काळपट गोल, कडेने रंगाचे पापुद्रे सुटलेले, मधे बोट लावलं तर भुरभुरेल असा गिलावा.

काकू पलंगाच्या कडेवर बसल्या.

"शेपटा, लिही!" भाऊजींचा आवाज छताला लागला. "या घराखालून नदी वाहते आहे! नाही, थांब, खोड. ओल जमिनीपासून वर आहे. म्हणजे भिंतीच्या आत टाकी आहे. चोरट्या पाण्याची! किंवा... शेपटा, अंगावर काटा येतोय... कोणीतरी या भिंतीत चिणलेलं आहे आणि ते रडतंय!"

"मीच लपवलं," काकू हळूच म्हणाल्या.

"कबुली! वेळ टाक! बारा वाजून अठ्ठेचाळीस—"

"भाऊजी, गप्प बसा."

हे कोण बोललं, हे कळायला सगळ्यांना जरा वेळ लागला. खुद्द शेपटालाही. बावीस वर्षांत 'हो भाऊजी' आणि 'बरं भाऊजी' यांपलीकडे त्याच्या तोंडून अक्षर गेलं नव्हतं. त्याने वही मिटली आणि कपाटावर ठेवून दिली. कान लालबुंद झाले होते, पण आवाज सरळ होता. "त्यांच्या घरात उभे आहात तुम्ही. त्या वयाने मोठ्या आहेत. बसा तिथे स्टुलावर."

आणि नवल म्हणजे भाऊजी बसले.

काकूंनी डोळे टिपले नाहीत. गुपित फुटलं की माणसाला डोळे पुसायचीही शुद्ध राहत नाही. "तीन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "आधी नाण्याएवढी होती. मग वाढत गेली. रोज झोपताना हात लावून बघते, आज कुठवर आली म्हणून. वाटायचं, आतून सगळी भिंतच कुजली असेल. आमच्या यांनी हौसेने बांधलेलं घर माझ्या डोळ्यांदेखत बसणार."

"कोणाला दाखवलं का नाहीत?" बायकोने विचारलं. ती केव्हाच त्यांच्याशेजारी जाऊन बसली होती.

"दाखवलं आणि त्याने सांगितलं, भिंत पाडा, तर?"

बायकोने त्यांचा हात हातात घेतला. "आमच्याकडे रोज येतात अशी माणसं, काकू. गाठ दिसते, आणि वर्षभर अंगावर शाल पांघरून हिंडतात. डॉक्टर काय म्हणेल या भीतीने. निम्म्या वेळा काहीच नसतं."

"आणि निम्म्या वेळा?" काकूंनी विचारलं.

ते सांगणं तिच्या हातात नव्हतं. शेपटाने तपासनीस बाईंकडे पाहिलं. अर्धी भिंत पाडायची निघाली तर काय करायचं? घर सोडायचं? आणि काकूंना याच ओलीशेजारी झोपायला ठेवून जायचं?

बाई मात्र घाईत नव्हत्या. त्यांनी पट्ट्यातलं एक यंत्र काढलं. त्याच्या टोकाला दोन बारीक सुया होत्या. त्या भिंतीला टेकवल्या की ओल किती ते आकड्यात दिसे. गोलाच्या मधे टेकवल्या, आकडा मोठा. मग वर हातभर; कोरडं. खाली जमिनीशी, कोरडं. डावीकडे, उजवीकडे, कोरडं. मग शिडी लावून छतापर्यंत, दर वीतभर अंतरावर. सगळं कोरडं ठणठणीत.

"या भिंतीतून पाइप जात नाही," त्या म्हणाल्या. "छतातून येत असती तर वरून ओघळ दिसला असता. जमिनीतून चढत असती तर खालपासून दिसली असती. ही मधेच आहे, एकटीच. पलीकडे काय आहे?"

"पलीकडे?" काकू म्हणाल्या. "पलीकडे काहीच नाही. बोळ आहे."

"मी बघून येते," म्हणत बायको उठली. तिच्या चपलांचा आवाज दारातून बाहेर गेला, घराला वळसा घालून बोळात आला, भिंतीपलीकडे थांबला. खोलीतले चौघे भिंतीकडे टक लावून बसले. भाऊजींनी श्वास रोखला होता. ते अजूनही चिणलेल्या माणसाची आशा धरून असावेत.

"काकू!" खिडकीतून आवाज आला. "फरशी पुसायचं फडकं तुम्ही रोज इथेच टांगता?"

"हो," काकू म्हणाल्या. "रोज सकाळी. पुसून झालं की. का गं?"

सगळे बोळात गेले. बोळात ऊन येत नव्हतं. बरोबर कमरेच्या उंचीवर एक लांब, जाड, गंजका खिळा होता. खिळ्याभोवतीचा गिलावा तडकून खळगा पडला होता. आणि खिळ्यावर, भिंतीला अंग टेकून, भलंमोठं गोणपाटासारखं फडकं लटकत होतं. पिळायचा नुसता उपचार केलेला. त्याच्यातलं पाणी खळग्यात झिरपत होतं आणि उरलेलं खाली ओघळून भिंतीवर शेवाळाची हिरवी रेघ काढत होतं.

बाईंनी फडकं उचलून बाजूला धरलं, यंत्र टेकवलं, आकडा बघितला. "हेच."

"एवढंच?" शेपूट म्हणाला.

"एवढंच. भिंत इथे एका विटेची आहे. तीन वर्षं रोज पाणी पाजलंय तिला. खिळा काढा, खळगा सिमेंटने भरा, फडकं दोरीवर उन्हात टाका. भिंत दोन-तीन महिने नुसती वाळू द्या. घाईघाईने रंग लावायचा नाही. कुजलंबिजलं काही नाही."

काकू त्या फडक्याकडे बघत राहिल्या. आत्ता आत्ता त्यांच्या ध्यानात येत होतं. "मनगटं दुखतात हो," त्या म्हणाल्या, "म्हणून आताशा पिळवत नाही. यांनी हा खिळा ठोकला होता, मी वाकू नये म्हणून, बरोबर माझ्या हाताशी." आणि मग, "म्हणजे संध्याकाळी मी जिच्यासाठी देवाला हात जोडायचे, तिला सकाळी मीच..."

"रोपासारखी वाढवलीत," बायको म्हणाली.

आधी काकू हसल्या. मग बायको. मग तपासनीस बाईसुद्धा, ज्यांच्या चेहऱ्यावर सहाशे अठरा घरांत कोणी हसू पाहिलं नसेल. काकू हसता हसता रडल्या, आणि मग त्यांना पदर सापडला.

"अर्थात," भाऊजींनी घसा साफ केला, "पाण्याचा उगम घराबाहेर आहे हे मी आधीच हेरलं होतं. मी नदी म्हणालो, निघालं फडकं. तत्त्व तेच." मग ते काकूंसमोर आले, छत्री या हातातून त्या हातात केली आणि खाली बघत म्हणाले, "ते कबुलीचं मी बोलायला नको होतं. चुकलंच माझं. तो खिळा मी काढून देऊ का?"

पक्कड आली. भाऊजी खिळ्याशी झोंबू लागले. शेपटाने बाईंना बाजूला घेतलं.

"मग घ्यावं का हे घर?"

"ते मी सांगत नाही, सुरुवातीलाच म्हटलं ना. प्लगाचं अर्थिंग लगेच करा. टाकीचं झाकण बदला. गच्चीची नळी साफ ठेवा. ही भिंत वाळवा. मला दिसलं ते एवढं. राहायचं तुम्हाला आहे."

शेपटाने बायकोकडे पाहिलं. तिने नुसती भुवई उडवली. स्वतःचं घर हवं, हे तिचं उत्तर अकरा वर्षांत बदललेलं नव्हतं.

"काकू," तो म्हणाला, "चार वाजायची वाट बघू नका. आम्ही घेतो. तुम्ही देणार असाल तर."

काकूंचा चेहरा उजळला आणि लगेच गंभीर झाला. त्यांनी हात वर केला. "थांबा. असं नको. मी एक लपवलं होतं, ते निघालं. पण अजून आहे. सगळं ऐका आणि मग सांगा."

तपासनीस बाईंनी खिशातलं पेन काढलं. खिळा अर्धवट सोडून भाऊजी कान टवकारून उभे राहिले.

"जिन्याची तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच आहे," काकू म्हणाल्या. "पाहुणे तिथे अडखळतातच. न्हाणीघराचं दार पावसाळ्यात फुगतं, खांदा लावावा लागतो. बाहेरच्या खोलीतला दिवा बटण दाबल्यावर जरा विचार करतो आणि मग लागतो. पलीकडच्या मास्तरांची मांजर दुपारी खिडकीतून येते, पलंगाखाली झोपते, तिला हाकललं तर बोळात बसून रागाने ओरडते. कपाटाचा खालचा कप्पा उघडायचा तर आधी वरचा उघडावा लागतो. आणि उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या..."

तीन वर्षांचा साचलेला संकोच बाहेर पडत होता आणि तो थांबायला तयार नव्हता. बाईंनी दुसऱ्या वाक्यालाच पेन खिशात ठेवलं. "हे माझ्या तपासणीत येत नाही," त्या म्हणाल्या. पण निघायचं सोडून त्याही ऐकत राहिल्या. शेपूट आता लिहून घेणार नव्हता, त्यामुळे भाऊजींनी आत जाऊन कपाटावरून वही आणली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः लिहू लागले. काकू खोलीखोलीतून पुढे चालल्या, मागे बायको, मागे शेपूट, मागे वही.

मधेच फोन वाजला. दुसरं गिऱ्हाईक होतं. त्याला चारपर्यंतही धीर धरवला नव्हता. काकूंनी फोन कानाला लावला. "तुम्हाला ताटकळत ठेवलं, माफ करा हं. घर दिलं मी. हो, पक्कं." फोन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कुठे होतो आपण?"

"स्वयंपाकघराची खिडकी," बायको म्हणाली.

"हां. हिची कडी नुसती ढकलून लागत नाही. वाऱ्याने उघडते आणि मग सगळी धूळ अन्नात. हे बघा, पल्ला असा जरा वर उचलायचा, अंगाशी ओढायचा आणि मग कडी सोडायची." काकूंनी कडी लावली, पुन्हा काढली आणि बाजूला झाल्या. "आता तुम्ही लावा."

बायको पुढे झाली. तिने पल्ला वर उचलला, अंगाशी ओढला. कडी पहिल्या झटक्यात बसली.

"बघा," काकू म्हणाल्या, "मला शिकायला महिना लागला होता."